हवेच्या भरवशावरची इंजिने

ज्या इंजिनात सिलिंडरांभोवती पाणी खेळवले जात नाही आणि धातूच्या पातळ पट्ट्यांवरून, म्हणजे फिन्सवरून, वाहणारी हवाच उष्णता वाहून नेते, त्याला वायुशीतित इंजिन म्हणतात. पंप व रेडिएटर यांचे वजन वाचत असल्याने शर्यतगाड्यांच्या निर्मात्यांना त्याचे आकर्षण दीर्घकाळ होते. मात्र झडपा व स्पार्क प्लग ज्यात बसवतात त्या ॲल्युमिनियमच्या सिलिंडर हेडचे तापमान २०० अंश सेल्सिअसच्या बरेच पुढे गेले की मिश्रधातूची ताकद घटते आणि इंधन वेळेआधी पेटण्याचा धोका वाढतो. तेलाचे तापमान ९० ते १२० अंशांच्या समाधानकारक पट्ट्यात असतानाही हेड संकटात असू शकते, म्हणून ते वेगळे मोजावे लागते.

फ्रान्समधील रूआँच्या शर्यतमार्गावर या रचनेला दोन अगदी वेगळे दिवस पाहावे लागले. ८ जुलै १९६२ रोजी डॅन गर्नीने दीड लिटरच्या, आठ सिलिंडरांच्या वायुशीतित पोर्शे ८०४ गाडीतून फ्रेंच ग्रां प्री जिंकली. आघाडीच्या गाड्या बिघडल्या, हेही खरे. ७ जुलै १९६८ रोजी तेथेच होंडाची आरए३०२ उतरली. कंपनीचे संस्थापक सोइचिरो होंडा यांच्या आग्रहातून बनलेले तिचे तीन लिटरचे वायुशीतित इंजिन चाचण्यांत तापत होते आणि होंडाचे चालक जॉन सर्टीझ यांनी गाडी शर्यतीस अयोग्य ठरवली होती. सुरुवातीच्याच फेऱ्यांत ओल्या रस्त्यावर ती उलटून पेटली आणि तिचे चालक जो श्लेसर मृत्युमुखी पडले. त्या अपघाताचे खापर तापमानावर फोडता येणार नाही; पण त्याच शर्यतीत सर्टीझ जलशीतित होंडातून दुसरे आले, ही तुलना बोलकी आहे.

पोर्शेने मात्र हान्स मेट्झगर यांनी रचलेल्या, ९१७ गाडीच्या बारा सिलिंडरांच्या इंजिनावर मोठा पंखा आडवा बसवून १९७० व १९७१ मध्ये ल मान्सची शर्यत जिंकली. अशा इंजिनांत तेलही उष्णतेचा मोठा वाटा उचलत असल्याने 'वायुशीतित' हे नाव अर्धेच खरे ठरते. पुढे प्रत्येक सिलिंडरला चार झडपा आल्या, त्यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत हवा पुरेशी पोहोचेना, आणि १९७८ च्या ९३५/७८ गाडीमध्ये पोर्शेनेच हेडभोवती पाणी खेळवले. सिलिंडर तेवढे हवेवर राहिले. याच मिश्र रचनेच्या ९५६ गाड्यांनी १९८२ च्या ल मान्स शर्यतीत पहिले तिन्ही क्रमांक घेतले.