अर्ज आणि निकाल यांमधले दिवस : अंतरिम पोटगीचा दीडशे वर्षांचा इतिहास

१/ सप्टेंबर २०१३. नागपूरच्या कुटुंब न्यायालयात एका पत्नीने स्वतःसाठी व तान्ह्या मुलासाठी अंतरिम पोटगीचा अर्ज केला. आदेश झाला ऑगस्ट २०१५ मध्ये. अंतरिम म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या काळापुरती. पण त्या मधल्या काळाची सोय होण्यासच दोन वर्षे लागली. हे दिवस कायद्याच्या नजरेस केव्हा आले, याचा हा धागा.

२/ ‘पोटगी’ या शब्दातच पोट आहे, आणि पोट तारखा मोजत थांबत नाही. दावा वर्षानुवर्षे चालला तर ज्याच्या हाती पैसा आहे तो तग धरतो. दुसरा पक्ष थकून मिळेल ती तडजोड पत्करतो. मधल्या काळातील पोटगीचे महत्त्व यात आहे. भारतात तिचे दोन प्रवाह दिसतात.

३/ पहिला प्रवाह घटस्फोटाच्या कायद्यांचा. ख्रिस्ती विवाहांसाठीच्या १८६९ च्या कायद्यातील कलम ३६ ने दावा चालू असताना पत्नीस निर्वाहखर्च मागण्याचा हक्क दिला. मर्यादा मात्र ठरलेली : पतीच्या मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ उत्पन्नाचा एक पंचमांश. ‘पाचवा हिस्सा’ हा इंग्लंडमधील चर्च-न्यायालयांचा जुना परिपाठ होता.

४/ दुसरा प्रवाह फौजदारी. १८७२ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने पत्नी व मुलांसाठी दरमहा कमाल ५० रुपये ठरवले. संहितेचे शिल्पकार जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांच्या दृष्टीने हा निराधारांना भटकंतीपासून रोखण्याचा उपाय होता. कायदा सर्वधर्मीयांना लागू होता; पण त्याच्या मुळाशी स्त्रीच्या हक्कापेक्षा सार्वजनिक सुव्यवस्थेची चिंता अधिक होती.

५/ ही कमाल रक्कम १९२३ मध्ये १०० रुपये व १९५५ मध्ये ५०० रुपये झाली. १९७३ च्या नव्या संहितेत कलम १२५ आले, आकडा तोच राहिला. तोही पत्नी व मुले मिळून की प्रत्येकी? १९७८ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या पीठाने सांगितले : प्रत्येकी. पुढे काही राज्यांनी मर्यादा वाढवली. केंद्रीय संहितेत ५०० चा आकडा २००१ पर्यंत टिकला.

६/ १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने वेगळी वाट धरली. कलम २४ मध्ये कमाल रक्कम नाही. स्वतःचे पुरेसे उत्पन्न नसलेल्या पत्नीस किंवा पतीसही दाव्याचा खर्च व मासिक रक्कम मागता येते. कलम २६ मुलांच्या ताब्याचा, निर्वाहाचा व शिक्षणाचा अंतरिम विचार करते.

७/ कलम १२५ मध्ये मात्र अंतरिम पोटगीचा उल्लेखच नव्हता. मग दंडाधिकाऱ्यास तो अधिकार आहे काय? १९८५ मध्ये ‘सावित्री विरुद्ध गोविंद सिंह रावत’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने होकार दिला. उपासमार टाळण्यासाठी असलेला उपाय निकालापर्यंत उपाशी ठेवत असेल, तर तो निरर्थक ठरतो. म्हणून हा अधिकार कलमात अध्याहृत मानला गेला.

८/ संसदेने हे शब्दांत आणले २००१ मध्ये. ५०० ची मर्यादा गेली, १८६९ पासूनचा पाचवा हिस्साही गेला, आणि अंतरिम अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा असे ठरले. कायद्याने प्रथमच दिवस मोजले. ‘शक्यतो’ या शब्दाने मात्र पळवाट ठेवली.

९/ मर्यादा गेल्यावर रक्कम ठरवायची कशी? २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात पतीच्या निव्वळ पगाराचा २५ टक्के हिस्सा न्याय्य मानला. त्यामुळे २५ टक्के हा नियमच आहे, असा समज पसरला. वस्तुतः ठरीव सूत्र नाही. गरजा, आधीचे राहणीमान, उत्पन्न, मुलांचे शिक्षण व उपचार, संसारासाठी सोडलेली नोकरी, देणाऱ्यावरील इतर जबाबदाऱ्या, सारे तोलले जाते.

१०/ तोलण्यासाठी आकडे हवेत, आणि घोडे तिथेच अडते. मागणारा गरज फुगवतो, देणारा उत्पन्न लपवतो; न्यायाधीशाने अंदाज बांधायचा. नागपूरचे ते प्रकरण, ‘रजनेश विरुद्ध नेहा’, सर्वोच्च न्यायालयात पोहोचले तेव्हा ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालाने दोन्ही पक्षांना उत्पन्न, मालमत्ता व देण्यांचे शपथपत्र बंधनकारक केले.

११/ त्याच निकालात दुसरा प्रश्न सुटला : पोटगी कधीपासून? संहितेने आदेशाची तारीख व अर्जाची तारीख असे दोन्ही पर्याय ठेवले होते आणि न्यायालयांत एकवाक्यता नव्हती. आता उत्तर एकच : अर्जाच्या तारखेपासून. विलंबाचा भार अर्जदाराच्या माथी नको, हा त्यामागचा विचार.

१२/ नागपूरच्या न्यायालयाने २०१५ मध्येच पत्नीस दरमहा १५,००० रुपये मागील तारखेपासून, म्हणजे १ सप्टेंबर २०१३ पासून दिले होते; मुलास आधी ५,००० व पुढे १०,०००. सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश कायम केला, तोवर तान्हे मूल सात वर्षांचे झाले होते. मागील तारखेपासून पैसे मिळतात. मागील तारखेपासून दूध पाजता येत नाही.

१३/ जुने निवाडे वाचणाऱ्या मित्रांना एक सुचवणी. पोटगीचा निकाल हाती आला की रकमेआधी दोन तारखा शोधा : अर्जाची व आदेशाची. त्यांमधले अंतर मोजा. ते घर त्या काळात कशावर चालले, हे निवाड्यात बहुधा लिहिलेले नसते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने प्रश्न तिथूनच विचारायचा.