शस्त्रक्रियेची पूर्वसंध्या

शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी रुग्णालयाच्या खोलीत एक निराळीच शांतता पसरते. भेटावयास आलेली माणसे निघून गेलेली असतात. परिचारिका येते, मनगटावरील पट्टीवर लिहिलेले नाव वाचते आणि तरीही रुग्णाला त्याचे नाव पुन्हा विचारते. मध्यरात्रीनंतर काही खाऊ नका, असे बजावते. सकाळी स्नान करावे, दागिने उतरवून घरच्यांकडे द्यावेत, दातांची कवळी काढून ठेवावी, अशा सूचना देते. शेवटी एक छापील कागद पुढे करून म्हणते, “इथे सही करा.” रुग्ण सही करतो, कागद वाचतोच असे नाही. पुष्कळदा त्याच्या वतीने मुलगा किंवा नवराच सही करून मोकळा होतो.

हे सारे आपणांस रुग्णालयाचे नेहमीचे सोपस्कार वाटतात. परंतु त्यांतील जवळजवळ प्रत्येक सूचनेमागे एक इतिहास उभा आहे आणि तो कोणाच्या तरी वेदनेने किंवा मृत्यूने लिहिला गेला आहे. त्याचा मागोवा घेताना एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. शस्त्रक्रियेसाठी रुग्णाचे शरीर कसे सिद्ध करावे, याचा विचार माणसाने फार पूर्वीपासून केला. ज्याच्या शरीरावर शस्त्र चालायचे त्यालाच विचारले पाहिजे, हे मात्र तो फार उशिरा शिकला.

आपल्या देशापुरते पाहिले तर सुश्रुतसंहितेपासून आरंभ करावा लागतो. तिच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायाचे नावच ‘अग्रोपहरणीय’, म्हणजे आधी जमवून ठेवावयाच्या वस्तूंविषयीचा अध्याय. यंत्रे, शस्त्रे, क्षार, जळवा, कापूस, सूत, बांधावयाच्या पट्ट्या, मध, तूप, तेल, गार व ऊन पाणी, पंखा अशी त्यात यादी आहे. यादीच्या अखेरीस मायाळू, स्थिरचित्त आणि बळकट परिचारकांचाही उल्लेख येतो. बळकट अशासाठी, की रुग्णाला धरून ठेवावे लागे. शुभ तिथी व नक्षत्र पाहून, रुग्णाला हलके अन्न देऊन, पूर्वेकडे तोंड करून बसवून, बांधून मग शस्त्रकर्म करावे, असे तेथे सांगितले आहे. पोटात अन्न असल्यास रुग्णाला मूर्च्छा येत नाही आणि मद्याच्या अमलाखाली शस्त्राची वेदना जाणवत नाही, हा त्यामागील विचार होता. मात्र उदर, मूळव्याध, भगंदर, मुखरोग, अडलेला गर्भ आणि मूत्राशयातील खडा अशा काही प्रसंगी रुग्ण उपाशीपोटीच असावा, असेही बजावले आहे.

खड्याच्या प्रकरणात सुश्रुत आणखी एक गोष्ट सांगतो. शस्त्रकर्म न केल्यास मृत्यू निश्चित, केल्यास यश संशयित. म्हणून वैद्याने आधी परवानगी घ्यावी. धोका आधी उघड सांगण्याचा हा प्रामाणिकपणा आजही अनुकरणीय वाटावा असा आहे. पण परवानगी कोणाची? ‘ईश्वरा’ची, म्हणजे राजाची किंवा धन्याची. ज्याचे प्राण पणाला लागले आहेत, त्याला विचारण्याची गोष्ट तेथे येत नाही.

आता युरोपकडे वळू. तेथे एका रुग्णाने आपली पूर्वतयारी स्वतःच लिहून ठेवली आहे. इंग्रज कादंबरीकार फॅनी बर्नी पॅरिसमध्ये राहत असताना तिच्या स्तनात गाठ आढळली. ३० सप्टेंबर १८११ रोजी नेपोलियनच्या सैन्याचे नामांकित शल्यचिकित्सक लारे यांनी तिच्या राहत्या घरीच शस्त्रक्रिया केली. तिने संमती दिलेली होती, परंतु दिवस मात्र तिच्यापासून मुद्दाम लपवून ठेवण्यात आला. काही तास आधी निरोप आला. पतीला हे पाहावे लागू नये म्हणून तिने त्याला घरापासून दूर ठेवण्याची तजवीज केली. खोलीत मांडून ठेवलेल्या पट्ट्या आणि स्पंज पाहून तिचे मन हादरले. मग काळ्या पोशाखातील सात पुरुष आत आले. भुलीचे औषध नव्हतेच. मद्याचा एक पेला आणि तोंडावर टाकलेला पातळ रुमाल एवढेच. त्या रुमालातून तिला चकाकते पाते दिसत होते. शस्त्रक्रियेनंतर तिला बहिणीस पत्र लिहावयास अनेक महिने लागले. ती १८४० पर्यंत जगली. त्या काळी पूर्वतयारी म्हणजे धैर्य गोळा करणे, आणि वैद्याच्या अंगी वेग असणे हीच दया.

वेदना टाळण्याचे प्रयत्न आपल्या देशातही झाले. १८४५ मध्ये बंगालमधील हुगळी येथे जेम्स एस्डेल या डॉक्टरने संमोहनाच्या साहाय्याने शस्त्रक्रिया करण्यास आरंभ केला. त्याचे तरुण हिंदी साहाय्यक अंधाऱ्या खोलीत रुग्णाच्या उशाशी बसून तासन् तास त्याच्या अंगावरून हात फिरवीत. १८४६ मध्ये कलकत्त्यात या उपचारांसाठी स्वतंत्र रुग्णालयही निघाले. पण त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने एका रुग्णाला ईथर हुंगविले आणि वॉरन या वयोवृद्ध शल्यचिकित्सकाने त्याच्या मानेवरील गाठीवर शस्त्रक्रिया केली. पुढच्या वर्षी एडिंबरोच्या सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म वापरात आणले. तासन् तास चालणारे संमोहन लवकरच मागे पडले.

वेदना गेली, परंतु धोका गेला नाही. जानेवारी १८४८ मध्ये इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचे नख काढण्यासाठी दिलेल्या क्लोरोफॉर्मने काही मिनिटांत मरण पावली. भूल देताना श्वासावर लक्ष ठेवावे की नाडीवर, हा वाद पुढे कित्येक दशके चालला. निजामाच्या पाठबळाने १८८८ व १८८९ मध्ये हैदराबादेत नेमलेल्या क्लोरोफॉर्म आयोगांनी श्वासाच्या बाजूने कौल दिला. क्लोरोफॉर्मने हृदयही एकाएकी बंद पडू शकते, हे १९११ च्या सुमारास इंग्लंडमधील प्रयोगांनी दाखवून दिले. आज भूलतज्ज्ञ आदल्या दिवशी छाती तपासतो, हृदयालेख पाहतो, जुनी दुखणी आणि चालू औषधे विचारतो. या प्रश्नांचे मूळ त्या जुन्या वादातही आहे.

उपवासाचेही असेच. १९४६ मध्ये न्यूयॉर्कचे डॉक्टर कर्टिस मेंडेलसन यांनी ४४,०१६ प्रसूतींचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांतील ६६ स्त्रियांच्या बाबतीत भूल दिलेली असताना पोटातील अन्न किंवा आम्लद्रव फुफ्फुसांत उतरले होते. शुद्धीवर असलेला माणूस ठसका लागून वाचतो; भुलीखालच्या माणसाला तेवढेही संरक्षण नसते. तेव्हापासून रिकाम्या पोटाचा नियम कडक झाला. इतका, की तहानेने व्याकूळ रुग्णालाही रात्रभर पाण्याचा थेंब मिळेना. पुढील संशोधनाने त्यात विवेक आणला. सामान्यतः हलके अन्न सहा तास आधी थांबवावे आणि साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालते, असे आता मानले जाते. अर्थात आपल्यापुरता शब्द आपल्या भूलतज्ज्ञाचाच.

स्वच्छतेचा धडा तर त्याहून महाग पडला. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात शवविच्छेदन करून आलेले विद्यार्थी तसेच बाळंतिणींना तपासत. इग्नाझ सेमेलवाइस यांनी क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुणे सक्तीचे केले आणि एप्रिलमध्ये शेकडा अठरा असलेले बाळंतिणींच्या मृत्यूचे प्रमाण जूनमध्ये शेकडा दोनच्या आसपास आले. तरीही त्यांची उपेक्षाच झाली. ऑगस्ट १८६५ मध्ये ग्लासगो येथे जोसेफ लिस्टर यांनी गाडीखाली पाय मोडलेल्या अकरा वर्षांच्या मुलाच्या जखमेवर कार्बोलिक आम्लाची पट्टी बांधली. मुलाचा पाय वाचला आणि जंतुनाशक शस्त्रक्रियेचे युग उजाडले. रबरी हातमोज्यांची कथा वेगळी आहे. बाल्टिमोरचे विल्यम हॉल्स्टेड यांच्या परिचारिकेचे हात जंतुनाशक औषधाने सोलवटून निघत. तिच्यासाठी त्यांनी १८८९-९० च्या हिवाळ्यात पातळ रबरी मोजे करवून घेतले आणि १८९० मध्ये तिच्याशी विवाहही केला. एका स्त्रीच्या हातांची काळजी म्हणून जे आले, ते पुढे असंख्य रुग्णांचे कवच ठरले. उलट, आदल्या रात्री वस्तऱ्याने केस काढण्याची रीत वर्षानुवर्षे स्वच्छता समजून पाळली गेली. वस्तऱ्याच्या सूक्ष्म जखमांमुळे जंतुसंसर्ग वाढतो, असे १९७० नंतरच्या अभ्यासांतून दिसून आले आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये ती रीत टाळण्याची स्पष्ट शिफारस केली.

मनाच्या तयारीचा विचारही याच काळात बदलला. वेदना सोसणे हे कर्तव्य असताना भूल घेणे योग्य काय, अशा आशयाचा प्रश्न इटलीतील भूलतज्ज्ञांनी विचारला असता, पोप बारावे पायस यांनी २४ फेब्रुवारी १९५७ रोजी भूल घेण्यास नैतिक आडकाठी नसल्याचे स्पष्ट केले. ‘शेवटचा अभ्यंग’ हे नावच आजाऱ्याच्या मनात धडकी भरवीत असे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ‘रुग्णांचा अभ्यंग’ या नावाला पसंती दिली आणि १९७२ च्या नव्या विधीनुसार गंभीर आजारासाठी शस्त्रक्रिया होणार असल्यास तो आधी देता येऊ लागला. मरणाची तयारी मानला गेलेला संस्कार बरे होण्याच्या आशेशी जोडला गेला.

आता पुन्हा त्या छापील कागदाकडे येऊ. १९०८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात मेरी श्लोएनडॉर्फ या स्त्रीने भूल देऊन केवळ तपासणी करण्यास संमती दिली होती. शस्त्रक्रियेला तिने स्पष्ट नकार दिला होता, असे तिचे म्हणणे होते. तरीही गाठ काढण्यात आली. १९१४ च्या निकालात न्यायमूर्ती कार्डोझो यांनी, सज्ञान आणि सुबुद्ध माणसाला आपल्या शरीराचे काय व्हावे हे ठरविण्याचा हक्क आहे, हे तत्त्व मांडले. ती मात्र खटला हरली, कारण धर्मादाय रुग्णालयावर दायित्व येत नाही असे ठरले. तत्त्व जिंकले, बाई हरली!

आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढेही असेच एक प्रकरण आले. एका ४४ वर्षांच्या अविवाहित स्त्रीने दुर्बिणीने तपासणी करण्यास संमती दिली होती. ती भुलीखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढण्यात आले. १६ जानेवारी २००८ च्या निकालात न्यायालयाने म्हटले, की ती सज्ञान होती आणि जिवाला तातडीचा धोका नव्हता. तिच्या शुद्धीवर येण्याची वाट पाहावयास हवी होती. आईची संमती ही तिची संमती नव्हे. सुश्रुताच्या ‘ईश्वरा’पासून या निकालापर्यंतचा प्रवास केवढा मोठा! आणि तरीही, वडिलांना दुखणे सांगू नका, सही आम्ही करतो, असे डॉक्टरांना कुजबुजत सांगणारी माणसे आपल्या घराघरांत आहेत. त्यांचे प्रेम खोटे नाही. पण त्या प्रेमापोटी आपण आजाऱ्याला त्याच्याच आयुष्याच्या निर्णयातून बाहेर ठेवतो, हे आपल्या ध्यानात येत नाही.

परिचारिका नाव पुन्हा का विचारते, याचेही उत्तर याच इतिहासात आहे. २००८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने १९ कलमांची एक तपासणी सूची आणली. भूल देण्यापूर्वी नाव, जागा आणि शस्त्रक्रिया रुग्णाच्याच तोंडून पडताळून घ्यावी, हे तिचे पहिले कलम. नवी दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत ती वापरून पाहिली असता मृत्यूचे प्रमाण शेकडा दीडवरून ०.८ वर आल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. एवढ्या यंत्रसामग्रीनंतरही पहिली साक्ष रुग्णाचीच घ्यावी लागते, ही गोष्ट मोठी अर्थपूर्ण आहे.

तेव्हा त्या संध्याकाळी आपल्या घरच्या माणसाजवळ बसण्याची वेळ आली, तर कागद त्याच्या हाती द्यावा. चष्मा द्यावा. डोळ्यांना दिसत नसेल तर सावकाश वाचून दाखवावा. काय करणार, का करणार, न केल्यास काय होईल, हे त्याला डॉक्टरांना विचारू द्यावे. सही त्यानेच करावी, हात थरथरला तरी हरकत नाही.