टळलेल्या वादळांचा किनारा

इतिहासाला घटनास्थळ लागते. लढाई कोठे झाली, तह कोठे झाला हे सांगता आले की नोंद पक्की होते. चक्रीवादळाच्या बाबतीत त्याने जमीन गाठली ती जागा हेच घटनास्थळ मानले जाते. जून २०२० मधील 'निसर्ग' म्हटले की श्रीवर्धन आठवते. मे २०२१ मधील 'तौक्ते' म्हटले की दीव आणि ऊना. ह्या रीतीने इतिहास लिहिला तर देवगड ते वेंगुर्ले ह्या किनाऱ्याच्या वाट्याला थोडीच पाने येतात, कारण अलीकडची मोठी वादळे बहुतेक त्याच्या समोरून निघून गेली. अशा वेळी आपण मराठीत एक सोपे क्रियापद वापरतो: वादळ टळले. ह्या क्रियापदाची थोडी तपासणी करावी, एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

अरबी समुद्रातील वादळे मुख्यतः पावसाळ्याच्या दोन टोकांना, म्हणजे मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर ह्या महिन्यांत होतात. लक्षद्वीपच्या आसपास जन्मलेले वादळ पुष्कळदा किनाऱ्याला जवळजवळ समांतर असे उत्तरेकडे सरकते. आपल्या गोलार्धात वादळातील वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. त्यामुळे वादळ मालवणच्या पश्चिमेस असताना त्याच्या किनाऱ्याकडील अंगाला दक्षिणेचा वारा सुटतो, आणि वादळाची स्वतःची उत्तरेकडील गती त्या वाऱ्यात मिसळते. उत्तरेकडे जाणाऱ्या वादळाची उजवी बाजू अधिक जोराची असते ती ह्यामुळे. आणि कोकण नेमके त्या उजव्या हाताला असते. नकाशावर जे वादळ दुरून गेले असे दिसते, ते किनाऱ्यावर उधाण आणि समुद्रात मृत्यू ठेवून गेलेले असू शकते.

वादळाच्या इशाऱ्यांचा आपल्याकडील इतिहासही मोठ्या बंदरांपासून सुरू होतो. 'सायक्लोन' हा शब्द हेन्री पिडिंग्टनने १८४० च्या दशकात कलकत्त्यात घडवला. ५ ऑक्टोबर १८६४ च्या वादळाने त्याच शहराची दैना केली. त्यानंतर बंदरांना इशारे देण्याची व्यवस्था उभी राहू लागली, आणि १८७५ साली भारतीय हवामान खाते स्थापन झाले. तेव्हापासून बंदरावर चढणारा धोक्याचा बावटा हा किनाऱ्याच्या भाषेचाच भाग झाला आहे. परंतु बावटा दिसतो तो बंदरात असलेल्याला. जो आधीच समुद्रात गेला आहे, त्याच्यासाठी तो काठीवर चढूनही न चढल्यासारखाच.

ह्याचा दारुण प्रत्यय ११ नोव्हेंबर १९२७ रोजी आला. कोकणातील माणसाचा मुंबईशी संबंध तेव्हा बोटीने जुळत असे. त्या दिवशी 'जयंती' आणि 'तुकाराम' ह्या दोन प्रवासी बोटी वादळात सापडून बुडाल्या. पुढे बरोबर ८२ वर्षांनी, ११ नोव्हेंबर २००९ रोजी, 'फयान' आले. तारीख एकच असणे हा योगायोग. महिना एकच असणे हा योगायोग नव्हे. फयानला म्यानमारने सुचवलेले हे नाव मिळाले ते ११ तारखेच्या पहाटे, आणि त्याच दुपारी ते अलिबाग व मुंबई ह्यांच्या दरम्यान जमिनीवर आले. मुंबईत धास्तीच्या मानाने फारसे काही घडले नाही, आणि शहराने सुटकेचा निःश्वास टाकला. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या होड्या मात्र ऐन हंगामात खोल पाण्यात होत्या. त्यांवरील अनेक खलाशी परतले नाहीत.

न परतणे आणि मरणे ह्यांत कायदा भेद करतो. ज्याचा ठावठिकाणा सात वर्षे लागत नाही, त्याला मृत मानण्याची वाट आपल्या पुराव्याच्या कायद्यात आहे. म्हणजे जे वादळ हवामान खात्याच्या नोंदीत तीन-चार दिवसांचे, ते बेपत्ता खलाशाच्या घरात सात वर्षांचेही होऊ शकते. वादळाचा कालखंड कोठून कोठपर्यंत धरावा, हा प्रश्न इतिहासकाराने येथे थांबून विचारण्याजोगा आहे.

देवगडच्या बंदराचे उदाहरण ह्या दृष्टीने बोलके आहे. डिसेंबर २०१७ च्या आरंभी 'ओखी' वादळाने केरळ आणि तमिळनाडूच्या मच्छीमारांची दाणादाण उडवली, तेव्हा ६८ बोटी आणि त्यांवरील ९५२ माणसे सुखरूप देवगडला लागली. त्यांपैकी ६६ बोटी केरळच्या होत्या. ह्या किनाऱ्याने परक्यांना दिलेला तो आसरा होता. परंतु साडेतीन वर्षांनी, १६ मे २०२१ रोजी, तौक्ते समोरून जात असताना देवगडच्याच आनंदवाडी बंदरात नांगरलेल्या दोन नौका बुडाल्या. एका खलाशाचा मृत्यू झाला आणि तिघे बेपत्ता असल्याचे सरकारने तेव्हा सांगितले. दुसऱ्या दिवशी मुंबईच्या पश्चिमेस 'पी-३०५' हा तराफा बुडाला, आणि त्या दुर्घटनेने देशाचे लक्ष वेधून घेतले. वादळ जमिनीवर आले ते १७ मेच्या रात्री, गुजरातेत. तोपर्यंत आनंदवाडीची बातमी शिळी झाली होती.

'क्यार'ची गोष्ट तर आणखी निराळी. ऑक्टोबर २०१९ च्या अखेरीस, ऐन दिवाळीत, ते कोकणच्या समोर बळावले आणि महाचक्रीवादळ झाले. २००७ च्या 'गोनू'नंतर अरबी समुद्रात असे प्रथमच घडत होते. मग ते पश्चिमेकडे वळले आणि समुद्रातच विरले. त्याने जमीन गाठलीच नाही, म्हणून त्याला घटनास्थळही नाही. पण त्याच्या लाटांनी कोकणच्या किनाऱ्यावरील वस्त्यांत पाणी आणले. एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र अशा चिंचोळ्या पट्टीवर वसलेल्या देवबागसारख्या गावाला वादळ वळले की नाही, ह्यापेक्षा भरतीची वेळ कोणती, हे अधिक महत्त्वाचे असते.

म्हणून ह्या किनाऱ्याचा वादळेतिहास लिहावयाचा तर ते कोठे धडकले हे सोडून कोणत्या वाटेने गेले हे धरावे लागेल. त्याची साधनेही वेगळी असतील: तलाठ्यांचे पंचनामे, बंदरांची दप्तरे, मच्छीमार सोसायट्यांची कागदपत्रे, आणि गाबीत वस्त्यांतून अजून सांगितल्या जाणाऱ्या आठवणी. आपण साहित्याचे अभ्यासक 'वैचारिक वादळ', 'वादळी कारकीर्द' असे प्रयोग सहज करतो, आणि वादळ 'आले' व 'गेले' ह्या दोन क्रियापदांत ते संपवतो. 'टळले' हे तिसरे क्रियापद वापरताना निदान एवढे विचारावे, की कोणाचे टळले, आणि त्या वेळी समुद्रात कोण होते.