सुरत : ऐश्वर्य आणि सत्ता

पर्वत पाटियात सुरतेच्या इतिहासाविषयी बोलताना मला थोडा संकोच वाटतो. आपणा मराठी माणसांस हे बंदर प्रथम भेटले ते पाठ्यपुस्तकात, १६६४ च्या लुटीपुरते. त्या जानेवारीत मोगल अंमलदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला आणि वीरजी व्होरांसारख्या धनाढ्य सावकाराची हवेलीही निराधार राहिली. व्हेनिसमध्ये व्यापारी कुळेच राज्य चालवीत; सुरतेत हुंडी व्यापाऱ्यांची, तर तोफ बादशहाची होती.

तथापि हे व्यापारी दुबळे नव्हते. १६६९ मध्ये काझीच्या धार्मिक जाचास कंटाळून सुमारे ८,००० वाणी भीमजी पारेखांच्या नेतृत्वाखाली भडोचला निघून गेले. बाजार ओस पडला. औरंगजेबाकडून अभय मिळाल्यावरच ते परतले. परंतु नगर सोडण्याचे हे सामर्थ्य नगराच्या रक्षणास पुरेसे नव्हते. १६७० मध्ये शिवाजी महाराज पुन्हा आले. १७५९ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला, तो अनेक व्यापाऱ्यांच्या संमतीने. १८०० मध्ये शहराचा कारभारही त्यांच्याकडे गेला.

आज या शहराच्या संपत्तीत आपलाही घाम मिसळलेला आहे. संपत्ती निर्माण करणाऱ्याने नगराच्या कारभाराचा भारही उचलावा, एवढाच बोध मी आपणांपुढे नम्रपणे ठेवतो.