एक एमबीचा गेम आणि माझी एक अर्धवट बातमी

मंडळी, आजची पोस्ट खड्ड्यांवर नाही आणि पाण्याच्या टाकीवरही नाही. त्या विषयांना मरण नाही, उद्या परत आहेतच. आज थोडं वेगळं.

मागच्या महिन्यात गांधी चमनजवळ चहा घेत उभा होतो. तिशी ओलांडलेला एक जण गाडी लावून आला. एमआयडीसीत एका रोलिंग मिलमध्ये डिस्पॅच बघतो. म्हणाला, "सर, ओळखलं का? २००६ साली तुम्ही आमच्यावर बातमी केली होती. सायबर कॅफेची. माझे सत्त्याण्णव गेले तुमच्यामुळं."

मला वाटलं, रुपये. म्हणलं, कशाचे सत्त्याण्णव? तो म्हणाला, "पोकेमॉन."

बातमी मला आठवली. डिप्लोमा करून नुकताच परतलो होतो, नाव छापून यायची हौस होती. दुपारी शाळेच्या वेळेत कॅफेत पाच-सहा पोरं दिसली. काचेतून पाहिलं, स्क्रीनवर काहीतरी काळं-पांढरं हलत होतं. दुसऱ्या दिवशी छापून आलं: "शाळेला दांडी, कॅफेत राक्षसांची शिकार". 'पॉकेट मॉन्स्टर'चं मीच केलेलं भाषांतर. कॅफेवाला घाबरला आणि त्यानं सगळे कॉम्प्युटर फॉरमॅट मारले. पोरांना मी एक प्रश्नसुद्धा विचारला नव्हता. शाळेत त्या दिवशी परीक्षेमुळं अर्धी सुट्टी होती, हे मला वीस वर्षांनी, चहाच्या गाड्यावर कळलं.

म्हणून गेले पंचवीसेक दिवस रात्री जेवण झालं की तो गेम खेळतोय. पोराच्या जुन्या फोनवर. बायको म्हणते, बरं आहे ना सगळं?

तर आधी इतिहास. २७ फेब्रुवारी १९९६ ला जपानमध्ये निन्टेंडोच्या गेम बॉयवर पोकेमॉन 'रेड' आणि 'ग्रीन' असे दोन गेम आले. म्हणजे २७ फेब्रुवारी २०२६ ला तीस वर्षं. अमेरिकेत सप्टेंबर १९९८ मध्ये ते 'रेड' आणि 'ब्लू' म्हणून गेले. बनवणारा सातोशी ताजिरी. टोकियोजवळच्या माचिदात वाढलेला आणि लहानपणी किडे गोळा करण्याचं वेड असलेला. त्याच्या डोळ्यांदेखत तिथली तळी आणि भाताची शेतं बुजून इमारती झाल्या. १९८३ मध्ये त्यानं 'गेम फ्रीक' नावाचं व्हिडिओ गेमवरचं मासिक हातानं काढलं, पुढं त्याचीच कंपनी झाली. दोन गेम बॉय जोडणारी वायर पाहून त्याच्या डोक्यात आलं, की या वायरीतून किडा इकडून तिकडं गेला तर? तिथून या गेमची कल्पना निघाली, आणि तो पुरा व्हायला सहाएक वर्षं लागली.

हे वाचलं तेव्हा मला आमची काडेपेटी आठवली. घनसावंगीकडच्या आमच्या गावात मृगाचा पहिला पाऊस पडला की लाल मखमली किडे निघायचे. काडेपेटीत माती घालून ठेवायचो. एकाचे दोन देऊन चतुर घ्यायचा, शेपटीला दोरा बांधलेला. ताजिरीनं जे वायरीतून केलं ते आम्ही काडेपेटीतून करत होतो. फरक एवढाच, की आमचे किडे दोन दिवसांत मरायचे.

आता हा गेम जालन्यात कसा आला? दुकानातून नाही. गेम बॉय विकणारं दुकान मी तरी इथं पाहिलेलं नाही. आमच्या वेळी टीव्हीला जोडायचा तो व्हिडिओ गेम, पिवळी कॅसेट, "९९९९ इन १" लिहिलेली आणि आत खरे गेम पाच-सहाच. पोकेमॉन आधी टीव्हीवर आला. २००३ मध्ये कार्टून नेटवर्कवर हिंदीत सुरू झाला. मग चिप्सच्या पुड्यांत टाझो निघाले. चिप्स कुत्र्याला आणि टाझो खिशात, हे ज्यांनी केलंय त्यांनी हात वर करा.

गेमचं मात्र गणित वेगळं होतं. त्याची अख्खी फाईल एक एमबीची. एक पूर्ण प्रदेश, आठ जिम, १५१ प्राणी, सगळं एक एमबीत. म्हणजे १.४४ एमबीच्या फ्लॉपीत मावायचा. २००४ मध्ये याच गेमची रंगीत, नवी आवृत्ती 'फायररेड' आली, ती सोळा एमबीची. फोनच्या लाईनीवरच्या इंटरनेटला सोळा एमबी म्हणजे तास तरी गेला, आणि मध्ये लाईन तुटली की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून मोठ्या शहरातली पोरं रंगीत खेळत होती तेव्हा आपली पोरं काळा-पांढरा खेळत होती. आवडीनिवडीचा प्रश्नच नव्हता, फ्लॉपीत मावेल ते खेळायचं. कॉम्प्युटर क्लासला जाणाऱ्या कुणीतरी एमुलेटर आणला, म्हणजे कॉम्प्युटरला गेम बॉयचं सोंग घ्यायला लावणारा प्रोग्रॅम, आणि फ्लॉपी गावभर फिरली.

पुढं २००९-१० च्या सुमाराला मेमरी कार्ड भरून देणारी दुकानं आली. गाणी, पिक्चर आणि वर एक गेम. साध्या नोकियावर 'मीबॉय' नावाच्या प्रोग्रॅममध्ये हाच पोकेमॉन चालायचा. २०११ च्या केंद्राच्या नियमांनी कॅफेत ओळखपत्र, नोंदवही आणि लहान मुलांवर बंधनं आली. पण तोवर पोरं कॅफेतून उठून मोबाईलवर गेलीच होती. कायद्यानं बघितलं तर हे सगळं चोरीचं. लपवत नाही. विकतच मिळत नसलेल्या वस्तूची चोरी, एवढंच म्हणतो.

बरं, गेम कसाय? मी समजून बसलो होतो की मारामारी असेल. तसं काही नाही. तुम्ही एक पोरगं. घरात आई, बापाचा पत्ता नाही. प्रोफेसर एक प्राणी देतो आणि तुम्ही गावोगाव हिंडायचं. गवतात शिरलं की काहीतरी समोर येतं, ते पकडायचं. आग गवताला जाळते, पाणी आगीला विझवतं, गवत पाण्याला पितं. तीन गोष्टी कळल्या की चौथी आपोआप कळते. त्या पोरानं हेच सांगितलं, "सर, इंग्रजी येत नव्हतं, पण 'इफेक्टिव्ह'चा अर्थ मला सातवीत माहीत होता. परीक्षेत मात्र आला नाही कधी."

पत्रकार म्हणून मला सगळ्यात जास्त काय आवडलं सांगू? सॅफ्रन नावाच्या शहराला चार वेशी आहेत. चारही ठिकाणी शिपाई उभे, आत सोडत नाहीत. तहान लागलीय म्हणतात. बाजूच्या शहरातल्या मॉलच्या गच्चीवर मशीनमधून थंड पाण्याची बाटली किंवा लिंबूपाणी आणून एकाला दिलं, की चारही नाके मोकळे. आपल्याकडं याला चहापाणी म्हणतात. आणि शेवटच्या, आठव्या जिमचा प्रमुख कोण? गेमभर प्राणी चोरणाऱ्या टोळीचा म्होरक्या. इतके दिवस जिम बंद, साहेब बाहेरगावी. शेवटी कळतं, साहेब हेच. कुठल्या कार्यालयाची आठवण आली ते ज्यानं त्यानं मनात ठेवावं.

आणि लॅव्हेंडर नावाचं एक गाव आहे, मेलेल्या प्राण्यांच्या समाधीचं. टोळीनं मारलेली एक आई तिथं भूत होऊन जिना अडवून उभी असते, तिचं पिल्लू मागं राहिलेलं. तिला पकडता येत नाही, फक्त शांत करता येतं. रात्री साडेबाराला मी फोन खाली ठेवला. १९९६ सालच्या मुलांच्या गेममध्ये ही अपेक्षा नव्हती.

कुठंही, कधीही सेव्ह करता येतं, फक्त लढाई चालू नको. ज्यांनी भारनियमनाचे दिवस काढलेत त्यांना याची किंमत कळेल. यूपीएसनं टीं टीं सुरू केलं की पोरं आधी सेव्ह मारायची आणि मग मालकाला हाक.

आता दोष. ते कमी नाहीत, आणि काही तर सरळ घोडचुका आहेत. 'सायकिक' जातीचे प्राणी इतके वरचढ, की तो एक हाती आला की बाकीचे नावाला. त्यांच्यावर भुताचा हल्ला भारी पडतो असं गेममधलाच एक जण सांगतो, आणि प्रत्यक्षात प्रोग्रॅममधल्या चुकीमुळं काहीच परिणाम होत नाही. 'फोकस एनर्जी' म्हणून एक डाव आहे, त्यानं जोरदार फटक्याची शक्यता वाढायला हवी, ती उलट कमी होते. शंभर टक्के लागणारा वारही २५६ मध्ये एकदा हुकतो. पोरं याला नशीब म्हणायची. पिशवीत वीसच वस्तू. पेटीत वीस प्राणी झाले की पुढचा पकडता येत नाही, आधी कॉम्प्युटरपाशी जाऊन पेटी बदला. पेटी भरली हे गेम वेळेवर सांगतही नाही. गुहेत दर चार पावलांवर तेच ते वटवाघूळ. शिकवलेले काही डाव पुन्हा विसरवताच येत नाहीत. आणि टीव्ही बघून आलेल्या पोराला पहिलाच धक्का म्हणजे सुरुवातीला पिकाचू मिळतच नाही. पहिल्या जंगलात हिंडत बसा, नशिबात असेल तर दिसेल.

एक चूक मात्र पोरांनी सणासारखी साजरी केली. एका म्हाताऱ्याकडून प्राणी पकडायचं प्रात्यक्षिक बघायचं, तिथून उडत सिनाबार बेटावर जायचं, पूर्वेच्या किनाऱ्याला लागून पोहत राहायचं. 'मिसिंगनो' नावाचं तुटक्या चौकोनांचं काहीतरी येतं आणि पिशवीतली सहाव्या नंबरची वस्तू एकदम शंभरावर जाते. ही बातमी जालन्यात कुठल्या पेपरनं छापली नव्हती. शिकवणीच्या बाहेर सायकली लावता लावता पसरली, तीही न चुकता, सहाव्या नंबरासकट. माझ्या बातमीपेक्षा जास्त अचूक.

पण सगळ्यात मोठा दोष आणि सगळ्यात मोठा गुण एकच आहे, आणि तिथंच मी अडकलोय. हा गेम एकट्यानं पूर्ण होत नाही. काही प्राणी फक्त 'रेड'मध्ये, काही फक्त 'ब्लू'मध्ये. शिवाय हॉन्टर, कडाब्रा, मचोक आणि ग्रेव्हलर हे चार दुसऱ्याला दिले तरच त्यांचं पुढचं रूप येतं. द्यायचं वायरीनं. ताजिरीची मूळ कल्पनाच ती. पण फ्लॉपीतून गेम आला, वायर कुठून येणार? जालन्यातल्या त्या पोरांनी गेंगार टीव्हीवर पाहिला, टाझोवर पाहिला, हातात कधी आला नाही. जो भाग माणसाला माणसाशी जोडण्यासाठी केला होता, नेमका तोच आपल्यापर्यंत पोचला नाही. मग पोरांनी काय केलं? एकाच कॉम्प्युटरवर चौघं बसायला लागली. एकाचा हात, तिघांची अक्कल, आणि तासाचे पैसे चौघांत वाटून. मी काचेतून जे पाहिलं आणि 'धुडगूस' असं लिहिलं, ते हे होतं.

पोकेमॉन गोचंही सांगून टाकतो. २०१६ च्या जुलैत जगभर धुमाकूळ, भारतात अधिकृतपणे १४ डिसेंबरला, रिलायन्स जिओबरोबर. तेव्हा आपण सगळे नोटाबंदीच्या रांगेत. त्यातली बहुतेक ठिकाणं 'इन्ग्रेस' या आधीच्या गेमच्या खेळाडूंनी सुचवलेल्या जागांवरून घेतलेली. जिथं खेळाडू नाहीत तिथं जागा नाहीत. मी गावाकडं उघडून पाहिला होता, नकाशावर नुसता हिरवा पट्टा. मारुतीचं देऊळ नाही, बारव नाही, काही नाही. २०२३ मध्ये त्या गेममध्ये हिंदी आली, आठशेवर प्राण्यांची नावं देवनागरीत आली. आनंद आहे. पण त्या जुन्या एक एमबीत एक गोष्ट होती: टोकियोच्या पोराला जेवढं गवत, तेवढंच घनसावंगीच्या पोराला. कुणी आधी येऊन आपलं गाव नकाशावर टाकायची वाट बघावी लागत नव्हती.

तर दुरुस्ती, वीस वर्षांनी. पेपरात आता ती छापून येणार नाही, म्हणून इथं. पोरं दांडी मारून बसली नव्हती. 'धुडगूस' हा शब्द माझा, त्याला पुरावा नव्हता. कॅफे मालकाचं म्हणणं मी घेतलं नव्हतं. त्यांची माफी मागायला गेलो तर शटरवर आता मोबाईल ॲक्सेसरीजची पाटी आहे. मालक पुण्याला मुलाकडं असतात म्हणे.

त्या पोराशी, म्हणजे डिस्पॅचवाल्या साहेबांशी, ठरलंय. आताच्या फोनवरच्या एमुलेटरात वायरीचं काम ब्लूटूथ करतं. माझा हॉन्टर तयार आहे, त्यांनी नव्यानं सुरू करून कडाब्रापर्यंत मजल मारलीय. रविवारी त्यांची शिफ्ट सुटली की गांधी चमनला भेटतोय.

कोणाकडं तेव्हाची फ्लॉपी, टाझो, मीबॉय असलेला नोकिया किंवा त्या कॅफेतला एखादा फोटो असेल तर इनबॉक्समध्ये कळवा. फोटो काढून वस्तू परत देईन, नक्की.