नावावरून नव्हे, मागून पाहून

वेबपानावर त्रिमितीय चित्र दाखवण्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते: समोरच्या ब्राउझरला संगणकाच्या ग्राफिक्स कार्डाकडून काम करून घेता येतं का? ते ओळखण्याची रीत घडायला बराच काळ लागला.

नव्वदच्या दशकात ब्राउझरचं नाव पाहून त्याची कुवत ठरवत. नेटस्केपसाठी केलेली पानं आपल्यालाही मिळावीत म्हणून इंटरनेट एक्सप्लोरर स्वतःची ओळख 'मोझिला' अशी देऊ लागला. पुढे सफारी आणि क्रोमनंही तेच केलं. नावाला काही अर्थच उरला नाही.

मोझिलातल्या व्लादिमिर वुकिचेविच यांनी २००६ साली कॅन्व्हासवर, म्हणजे वेबपानातल्या चित्र काढायच्या चौकटीवर, त्रिमितीय चित्रांचा प्रयोग दाखवला. त्यातूनच ब्राउझरला ग्राफिक्स कार्ड वापरू देणारं वेबजीएल हे तंत्र उभं राहिलं आणि मार्च २०११ मध्ये ख्रोनोस ग्रुप या मानकं ठरवणाऱ्या संघटनेनं त्याची पहिली आवृत्ती जाहीर केली. आता नाव न विचारता थेट वस्तूच मागायची रीत रुळली. जावास्क्रिप्टनं एक न दिसणारा कॅन्व्हास तयार करायचा आणि त्याच्याकडे 'वेबजीएल' कॉन्टेक्स्ट, म्हणजे चित्र काढायचं साधन, मागायचा. नाही मिळाला तर 'एक्सपेरिमेंटल-वेबजीएल' या सुरुवातीच्या नावानं पुन्हा मागायचा. तरीही 'नल', म्हणजे काहीच नाही असं उत्तर, हातात आलं, तर नकार पक्का.

पण नकार दोन तऱ्हांचा असतो. जुन्या ब्राउझरला वेबजीएल ठाऊकच नसतं. नव्याला ठाऊक असतं, पण संगणकातला ग्राफिक्स ड्रायव्हर सदोष म्हणून ब्राउझरच्या बंदीयादीत असतो. थ्री.जेएस या लायब्ररीबरोबर येणारी 'डिटेक्टर' नावाची चिमुकली फाइल हा फरक पाळायची. अडचण ब्राउझरची की ग्राफिक्स कार्डाची, ते पाहून ती वेगवेगळा संदेश दाखवायची. मला या साऱ्या इतिहासात ही फाइल फार मोलाची वाटते. कोऱ्या चौकटीकडे पाहत बसलेल्या माणसाला दोष कुठे आहे हे सांगणं, हे तिनं प्रोग्रामरचं कर्तव्य मानलं.

मग होकारही फसवा ठरू लागला. २०१२ मध्ये क्रोमनं स्विफ्टशेडर आणलं. जुन्या यंत्रांवर ग्राफिक्स कार्डाचं काम सीपीयूच करू लागला. कॉन्टेक्स्ट मिळायचा, पण चित्र रखडत सरकायचं. म्हणून मागणीतच एक अट घालायची सोय झाली: वेग फार घटणार असेल, तर कॉन्टेक्स्ट देऊच नका. नकाशा किंवा खेळ बनवणाऱ्यानं ही अट विचार करूनच घालावी. संथ नकाशा चालून जातो, संथ खेळ खेळता येत नाही.

२०२३ मध्ये क्रोममध्ये वेबजीपीयू हे वेबजीएलच्या पुढचं तंत्र आलं, तेव्हा मागणीच्या दोन पायऱ्या उघडपणे वेगळ्या केल्या गेल्या. 'नॅव्हिगेटर.जीपीयू' आहे का, हे आधी पाहायचं. त्यानंतर अ‍ॅडॅप्टर, म्हणजे ग्राफिक्स कार्डाचा प्रतिनिधी, मागायचा आणि उत्तराची वाट पाहायची. इथेही 'नल' येऊ शकतं. तसं झालं, की अनेक प्रोग्राम वेबजीएलकडे वळतात आणि तिथे पुन्हा कॅन्व्हासकडे कॉन्टेक्स्ट मागतात.