माती, मीठ, दगड

मराठीत पाय नुसता दुखत नाही. तो मुरगळतो, लचकतो, अवघडतो. पोटरीत गोळा येतो, पाठीत उसण भरते, मानेत चमक निघते. रक्त न येता नुसतंच ठणकत असेल तर तो मुका मार. भाषेने इतकी बारीक वर्गवारी केली, पण घरोघरी उपाय एकच: काहीतरी चोळा आणि पडून राहा.

मी मीरा रोडला राहतो. इथे शनिवार-रविवारी रात्री उशिरापर्यंत टर्फवर क्रिकेट नाहीतर फुटबॉल चालतं, आणि सोमवारी चर्चगेटकडे जाणाऱ्या लोकलमध्ये घोट्याला क्रेप बँडेज गुंडाळलेला एखादा तरी पोरगा दिसतोच. हे ‘पडून राहा’ मुळात आलं कुठून, असा प्रश्न मला पडला. शोधायला गेलो तर कळलं की दुखऱ्या अंगाला हलवायचं की झोपवायचं, हा वाद फार जुना आहे.

सुश्रुतसंहितेत सांधा निखळण्याचे सहा आणि हाड मोडण्याचे बारा प्रकार दिले आहेत. लेप आहेत, बांधायच्या पट्ट्या आहेत. पण मी थबकलो ते हाताच्या तळव्याबद्दलच्या एका छोट्या सूचनेपाशी. हात जुळत आला की रुग्णाने आधी त्यात मातीचा गोळा धरायचा, मग मिठाचा खडा, आणि ताकद आली की दगड. भाईंदरच्या मिठागरांजवळ राहणाऱ्याला त्यातलं मीठ जरा जास्तच आवडणार. पण मुद्दा मिठाचा नाही, चढत्या ओझ्याचा आहे. (हे ‘पूर्वजांना सगळं माहीत होतं’वाल्या फॉरवर्डमध्ये घालू नका. त्याच ग्रंथात आज कुणी करू नये असंही बरंच आहे.)

अगदी उलट टोकाला एकोणिसाव्या शतकातला लिव्हरपूलचा डॉक्टर ह्यू ओवेन थॉमस. घराणं वेल्समधल्या हाडवैद्यांचं, पण हा रीतसर डॉक्टर झाला. दुखऱ्या सांध्याला सक्तीची, सलग आणि लांबलचक विश्रांती हवी, यावर तो ठाम होता. क्षयाने पोखरलेल्या सांध्यासाठी, मोडलेल्या मांडीसाठी त्यात तथ्य होतं. त्याच्या नावाच्या स्प्लिंटने पहिल्या महायुद्धात कितीतरी सैनिक वाचवले. अडचण अशी की मोडलेल्या हाडाचा नियम आपण मुरगळलेल्या घोट्यालाही लावतो.

मुंबईत हालचालीची बाजू भक्कम झाली ती खेळामुळे नाही, पोलिओमुळे. परळच्या केईएम रुग्णालयात 1950 मध्ये कमला निंबकर यांनी ऑक्युपेशनल थेरपीची शाळा सुरू केली. आशियातली पहिली. त्या मूळच्या अमेरिकन, माहेरच्या एलिझाबेथ लंडी. लग्नानंतर इथल्याच झाल्या. पाठोपाठ शहरात पोलिओची साथ आली, आणि त्याच केईएममध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने देशातली पहिली फिजिओथेरपीची शाळा उभी राहिली. लुळ्या पडलेल्या पायात उरलेली ताकद शोधायची आणि रोज थोडी वाढवायची, हे तिथलं काम. मीरा रोडच्या गल्लीत आज ‘फिजिओ’ची जी पाटी दिसते, तिचं मूळ त्या वॉर्डांत आहे.

आता घोट्याकडे वळू. पाऊल आत वळतं तेव्हा बाहेरच्या बाजूची लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारी पट्टी, ताणली जाते किंवा फाटते. काही आठवड्यांत दुखणं ओसरतं. आणि मग दोन महिन्यांनी तोच घोटा, सपाट फुटपाथवर, पुन्हा मुरगळतो. का?

मायकेल फ्रीमन या ब्रिटिश सर्जनने 1965 मध्ये नेमका हाच प्रश्न घेतला. त्याचं म्हणणं असं, की लिगामेंट ही नुसती दोरी नाही. पाऊल कुठल्या कोनात आहे ही खबर मेंदूला देणारी मज्जातंतूंची टोकं तिच्यात असतात, आणि दोरीबरोबर तीही तुटतात. म्हणून त्याने रुग्णांना डुगडुगत्या फळीवर तोल सांभाळायला लावलं. त्याच्या स्पष्टीकरणात पुढे दुरुस्त्या झाल्या, पण तो व्यायाम टिकला. मला या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत कामाचा शोध वाटतो. दुखणं आधी जातं आणि तोल नंतर येतो. मधल्या काळात आपण टर्फ बुक करून मोकळे होतो.

तरीही लोकप्रिय झालं ते वेगळंच. अमेरिकन डॉक्टर गेब मर्किनने 1978 च्या पुस्तकात ‘राइस’ हे सूत्र दिलं: विश्रांती, बर्फ, दाब, पाय उंच. लक्षात राहायला सोपं, त्यामुळे जगभर पोहोचलं. पण सूज हा नुसता शत्रू नसतो. दुरुस्तीचं काम करणाऱ्या पेशी तिच्यातूनच येतात. 2014 मध्ये खुद्द मर्किननेच लिहिलं की बर्फ आणि संपूर्ण विश्रांती बरं होणं लांबवू शकतात. त्याआधी 2012 मध्ये काही संशोधकांनी सूत्रातली विश्रांती काढून तिथे ‘योग्य तेवढा भार’ घातला होता. नवं नाव ‘पोलीस’. ते ‘राइस’इतकं चाललं नाही.

मग करायचं काय? आधी हाड मोडलेलं नाही ना, हे बघायचं. त्यासाठी कॅनडात 1992 मध्ये ओटावा नियम तयार झाले, आणि आजही डॉक्टर ते वापरतात. चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या वा पावलाच्या हाडावर दाबल्यावर दुखत असेल, तर एक्स-रे काढायला जायचं, हाडवैद्याकडे नाही. तसं नसेल तर पहिले दोन-तीन दिवस दाबपट्टी, पाय उंच, आणि चोळणं-रगडणं बंद. फार ठणकत असेल तर थोडा वेळ बर्फ चालेल. मग सोसवेल इतकं चालणं. पुढे भिंतीला धरून टाचा उचलणं, मग त्या पायावर एकट्याने उभं राहणं, आधी डोळे उघडे ठेवून, नंतर मिटून. दात घासताना केलं तरी होतं. कंटाळवाणं आहे, आणि कित्येक आठवडे करावं लागतं. दुखऱ्या पायावर दुसऱ्या पायाइतक्याच सहज लंगडीच्या उड्या मारता आल्या, की ग्रुपवर ‘मी येतोय’ म्हणून टाका.